फरश्यांमधल्या काड्या

तिसरीच्या बाईंचं सगळं चांगलं होतं, फक्त जिभेला हाड नव्हतं. सव्वीस वर्षं शिकवलं, पोरांवर हात कधी उचलला नाही; पण टोमणा असा मारायच्या की त्यापेक्षा छडी परवडली. वर्ग खो खो हसला की बाईंना वाटायचं, वा, काय रंगलाय तास!

त्या दिवशी क्षेत्रफळ होतं. पुठ्ठ्याच्या चौकोनी फरश्या बाईंनी स्वतः बसून कापल्या होत्या. पोरांनी त्या मांडून बाक झाकायचं आणि किती लागल्या ते मोजायचं. सगळ्यांचं उत्तर आलं चोवीस. एका मुलीचं आलं पंधरा.

बाई बघायला गेल्या तर काय! पोरीने खराट्याच्या काडीचे तुकडे करून दर दोन फरश्यांच्या मधे ठेवले होते, सगळे सारखे, ओळीत. त्यामुळे कडेची फरशी बाकावर मावतच नव्हती.

"आणि ही कडेची उघडी जागा गं?"

"तिथे कापून बसवायची, बाई."

"अगं बाई! आणि मधल्या फटी कशाला? उंदरांना जायला-यायला?"

वर्गात हशा पिकला. मधल्या सुट्टीपर्यंत पोरीचं नाव 'उंदरी' पडलं होतं. त्यानंतर तिने फरश्यांना हात लावला नाही. दोन्ही हात बाकाखाली घालून बसायची. लाजते जरा, होईल नीट, असं म्हणून बाई पुढच्या धड्याकडे वळल्या. फटी राहिल्या की झाकलेली जागा कमी भरते, एवढं एक वाक्य गोडीत सांगितलं असतं तर काय जात होतं त्यांचं?

पुढच्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात नव्या फरश्या बसवायला मिस्त्री आला. बाई जाता जाता थबकल्या. मिस्त्री उकिडवा बसून दर दोन फरश्यांच्या मधे प्लास्टिकचा बारीक तुकडा खोचत होता.

"हे कशाला हो?"

"फट लागते ना, बाई. चिकटून बसवली तर उन्हाने फुगते अन् उचलून येते. नंतर फटीत पांढरं सिमेंट भरायचं." मग तो संकोचून हसला. "माझी पोरगी तुमच्याच वर्गात आहे. मी काम करताना बघत बसते. परवा म्हणाली, बाई म्हणतात फट ठेवायची नाही. म्हटलं, बाई म्हणतात म्हणजे तसंच असेल. आपण कुठे शिकलोय?"

बाईंचे कान तापले. आता तरी बोलायचं ना! पण तोंडातून निघालं काय, तर "बरं बरं, चालू द्या." आणि तोंड चोरून त्या सरळ शिक्षकांच्या खोलीत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना टोचणारी जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. पोरीला हसल्याची लाज होतीच. पळून आल्याची त्याहून जास्त वाटली. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं. त्यातही चलाखीच की, बाहेर मिस्त्री होता!

"त्या दिवशी मी हिला हसले," त्या पोरांना म्हणाल्या. "चुकलं माझं. मोजताना फट नको, पण खरी फरशी बसवताना फट लागतेच. हिला ते येत होतं, मला येत नव्हतं. उंदरी म्हणायचं नाही आता कुणी."

पोरीने मान वर केली.

"बाई, हे बाबांना सांगाल?"

"का गं?"

"मी त्यांना अडाणी म्हटलं. तुम्हाला काही येत नाही म्हटलं." तिने दोन्ही हात पुन्हा बाकाखाली घातले. "तर ते हो म्हणाले."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दार उघडलं आणि व्हरांड्यात गेल्या. मागे सगळा वर्ग दाराशी गोळा झाला.

त्यांना येताना बघून मिस्त्री घाईघाईने उठला. हात विजारीला पुसत त्याने खालच्या फरश्यांवर एक नजर टाकली आणि विचारलं, "माझं काही चुकलं का, बाई?"