माझा मोबाईल तसाच राहू दे

घाटंजीतले आमचे शेजारी काका मोबाईलवर काहीही वाचायच्या आधी चष्मा पुसतात. मग मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक वाक्य संपलं की मान डोलवतात.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. कापसाच्या फवारणीची माहिती देणारी ऑनलाइन पानं मी लिहिते, हे ताठ मानेनं सांगते. ती पानं कॉम्प्युटरवर वेगळी उघडतात, मोबाईलवर वेगळी. काकांच्या मोबाईलवर मात्र कॉम्प्युटरचंच पान उघडायचं, आणि विषबाधेची सूचना उजवीकडे पडद्याबाहेर राहायची. मागच्या हंगामात त्यांचा भाऊ फवारता फवारता चक्कर येऊन पडला होता.

शोधल्यावर कारण सापडलं. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदारानं मोबाईलमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू केली, ती तशीच राहिली. त्यामुळे पान मोबाईलला कॉम्प्युटर समजत होतं.

"काका, आणा इकडं, बंद करून देते."

त्यांनी मोबाईल छातीशी धरला. "नाई पोरी. साऱ्या गावानं त्याच दुकानात फार्म भरला. माह्या एकट्याचा सुधरवून काय करशीन? मोबाईल असाच ठेवून ती सूचना दिसली पाह्यजे."

मला राग आला. तरी रविवार घालवून ती सूचना मी दोन्ही पानांवर सगळ्यात वर आणली.

काकांनी चष्मा पुसला. चक्कर आली तर फवारणी थांबवा, कपडे बदला, लगेच दवाखाना गाठा, असं शेवटपर्यंत वाचलं. या वेळी मान डोलवली नाही. अंगणात फवारणीचा पंप धूत बसलेल्या भावापुढे त्यांनी मोबाईल धरला.

"घे. आता तू वाच. मोठ्यानं."