बाळंतिणीचं मियोक

बोंगसिमच्या तोंडाला अख्खं बेट भ्यायचं. जुलैतल्या मोठ्या ओहोटीला बायका कमरेला दोर बांधून खडकांवर मियोक हे समुद्री शेवाळ कापायला उतरल्या, की लाटांच्या वर हिचा आवाज चढायचा. "अगं ए, बुंध्यापासून काप! गुरांना गवत कापतेयस का?" आणि बाळंतिणीच्या जुडीत कुणी हयगय केली, तर मग बघायलाच नको. बाकीचं मियोक घड्या घालून बाजारात जातं. बाळंतिणीला सार करून घालतात ते मात्र पुरुषभर लांब, सरळ वाळवायचं. घडी घालायची नाही, मोडायचं तर नाहीच. मोडलं की बाळ अडतं. एवढं बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

हिच्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाची गोष्ट तर लोक अजून चघळत. बहीण समोरच्या मोठ्या जिंदो बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला दिलेली. बसवाला म्हणाला, जुडी दुमडा नाहीतर उतरा. ही बया उतरली! आठ वर्षांच्या लेकीला, हेरानला, जुडीचं दुसरं टोक धरायला लावलं आणि दीड दिवस चालत गेली. पोचली तेव्हा बाळ दुपट्यात होतं आणि बहीण भिंतीकडे तोंड करून निजली होती. "ताई, मी तुला हाका मारत होते गं," एवढंच ती बोलली. जुडी अखंड पोचली ना, मग झालं तर, असं म्हणून बोंगसिमने विषय संपवला. पोरगी मात्र दारात उभी राहून मावशीकडे बघत होती.

आता तीच हेरान मोकपो शहरात नांदत होती. दोनदा तिची कूस रिकामी झालेली, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. या खेपेला दिवस भरत आले होते आणि बोंगसिमचा जीव टांगणीला लागला होता. लेकीच्या जुडीसाठी मियोक चांगलं धरावं म्हणून तिने हिवाळ्यातच एक खडक खरवडून ठेवला. उन्हाळ्यात ओहोटीला मियोक उघडं पडून करपू नये म्हणून बादल्याच्या बादल्या समुद्राचं पाणी त्याच्यावर ओतलं. कमरेचं पार भुसकट झालं. जुडी वाळून, बाळंतिणीची खूण म्हणून गवताच्या दोरीने सैल बांधून माजघरात आडवी ठेवली होती. अजून तीन आठवडे होते. पुढच्या उधाणाच्या भरतीला थेट मोकपोपर्यंत जाणाऱ्या होडीतून ती आडवीच न्यायची, असं ठरलं होतं.

आणि ऐन कापणीत गावप्रमुखाचा कर्णा खरखरला, "हेरानची आई! हेरानच्या आईने असेल तशी फोनवर यावं!"

जावई बोलत होता. "आई, पाणी गेलंय. बाळ आडवं आहे म्हणतात. संध्याकाळपर्यंत वळलं नाही तर पोट फाडावं लागेल."

"मी निघालेच. तिला सांगा."

जावई घुटमळला. "तिने तुम्हाला कळवू नका म्हणून सांगितलं होतं. मलाच राहवलं नाही."

कळवू नका? पोटच्या पोरीने? पण विचारत बसायला वेळ कुठे होता! कोयता टाकला, माजघरातली जुडी उचलली आणि ओल्या कपड्यांनिशी ती चो नावाच्या म्हाताऱ्याच्या होडीत बसली.

जिंदोच्या बंदरावर पाय ठेवला तर बस नुकतीच सुटलेली, दुसरी तीन तासांनी. एक टॅक्सी तेवढी उभी होती. ड्रायव्हर जुडीकडे बघून म्हणाला, "मावशी, हा खांब आत कसा मावणार?"

"टपावर बांध."

"वारा बघताय ना? पहिल्याच वळणावर समुद्रात जाईल. दुमडा थोडी."

"दुमडा म्हणे! दोरी दिसत नाही का मेल्या? बाळंतिणीची आहे!"

ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला. "मग मी नाही बाई हात लावत. माझ्याही घरात बायको आहे. काय करायचं ते तुम्हीच करा."

बोंगसिम जुडी खांद्यावर टाकून रस्त्याला लागली. वीसेक पावलं चालली असेल. चालत पोचायला दोन दिवस, आणि पोट फाडणार संध्याकाळी. मी तुला हाका मारत होते गं, हे कानात वाजायला लागलं, पण आवाज बहिणीचा नव्हता, हेरानचा होता. ती तशीच मागे फिरली, जुडी गुडघ्यावर घेतली आणि दाबली. कर्रकन मोडली. पुन्हा दाबली. ड्रायव्हरने तोंड फिरवलं.

टॅक्सी मोकपोच्या वाटेला लागली. जुडीचे चुरे तिच्या मांडीवर सांडत होते आणि ती एकेक वेचून जुडीभोवती गुंडाळलेल्या फडक्यात घालत होती. बाळांना जन्म देणाऱ्या देवीला, साम्सिन आजीला, ती मनात विनवत होती, "मोडलंय मी. पोरीचा काय दोष? काय करायचं ते माझं कर, आजी."

ती इस्पितळात शिरली तेव्हा हेरानला ढकलगाडीवरून आत नेत होते. आईला बघून पोरीचे डोळे मोठे झाले. "आई? इतक्यात कशी...?" मग तिची नजर खाली, चार घड्यांच्या गाठोड्यावर गेली. बोंगसिमने ते झटकन पाठीमागे लपवलं, पण उशीर झाला होता. दार बंद झालं.

तिने बघितलं. आता धीर सोडेल. बोंगसिम भिंतीला टेकून खालीच बसली. जावयाने विचारलं, चहा आणू का? "चहा कसला आणताय! बसा गप," ती खेकसली, आणि मग तिलाच रडू फुटलं. तास झाला, दीड झाला. दाराआडून एकदा कुणीतरी धावलं, तेव्हा ती उठून दाराशी गेली. शेवटी परिचारिका बाहेर आली. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी खायची परवानगी मिळाल्यावर बोंगसिमने मियोकचं सार करून आणलं. हेरानने दोन घास घेतले आणि विचारलं, "मोडलंस ना?"

अख्ख्या बेटावर आवाज चढवणारी बोंगसिम पुटपुटली, "चुकलं गं माझं. मी..."

"आई, मी ह्यांना म्हटलं होतं, तिला कळवू नका. ती जुडी घेऊन चालत येईल, परवा पोचेल. मावशीसारखी मला तुझी वाट बघायची नव्हती." हेरानने वाडगं पुढे केलं. "दारात तुझी ती घडी दिसली, आणि माझी भीतीच गेली. वाढ अजून."

बोंगसिमने वाढलं. वाडगं काठोकाठ भरलं, थोडं सार पांघरुणावर सांडलं. "फुंकून खा," ती कशीबशी म्हणाली, "गरम आहे."