तपासल्याशिवाय गेलं म्हणायचं नाही

माणूस गेला की आहे हे ठरवायचा अधिकार सगळ्या मुंबईत डॉक्टरांना असेल, पण फणसवाडीत कुठलीही वस्तू गेली की आहे हे ठरवायचा अधिकार फक्त माझ्या मावससासूबाईंना आहे, आणि तो त्यांना कुणी दिलेला नाही. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी उभी नोकरी परिचारिका म्हणून काढली. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन वाडीतल्या आपल्या खोलीत कायमच्या राहायला आल्या तेव्हा वॉर्ड मागे राहिला, सिस्टर मात्र बरोबर आली. त्यांचं दार जिन्याच्या तोंडाशी आहे. वरच्या मजल्यावरचं काहीही भंगारवाल्याकडे जायचं तर या दारावरूनच जावं लागतं. "काय घेऊन चाललास रे? ठेव खाली," असा आतून आवाज आला की जाणारा ठेवतो. मग त्या बाहेर येतात, वस्तू उलटीपालटी करतात, कान लावतात आणि विचारतात, "गेलं म्हणून कुणी सांगितलं? तपासलं कुणी?" वरच्या एका गृहस्थांचा टेबलफॅन त्यांनी असाच अडवला, शिलाई मशीनचं तेल घालून चालू केला आणि परत दिला. त्या गृहस्थांना नवीन पंखा घ्यायचा होता. जुना अजून चालतो, आणि ते गृहस्थ अजून मावशींशी बोलत नाहीत.

आमच्या लालबागच्या घरी आल्या की आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या पाठीला हात लावतात, मग चहा घेतात. "जावईबापू, हा कण्हतोय. भिंतीपासून पुढे घ्या, श्वास घेऊ द्या त्याला." माझ्या तब्येतीची चौकशी त्यांनी कधी केलेली मला आठवत नाही. त्यांना भेटायचं तर चार ते सहा या वेळात जायचं. सहा वाजले की त्या स्वतः उठून दार उघडून उभ्या राहतात. दुखणं मोठं असो की छोटं, आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा एक नियम. आणि माझा तर धंदाच आवाजावर चालतो.

माझं सांगायचं तर मी परळला जुने कॉम्प्युटर घेतो, दुरुस्त करतो, विकतो. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या बाहेर उभं राहून आत काय चाललंय ते बघत शिकलो, चटके खाल्ले, शिव्या खाल्ल्या, आणि एवढं शिकलो की समोरच्याने भाव सांगितला की पहिल्यांदा हसायचं. आजवर भाव करताना मला कुणी हरवलेलं नाही, एका माणसाशिवाय. ती तक्रार मी आज इथे मांडतो आहे, आणि ती मिटलेली आहे असा कुणी समज करून घेऊ नये.

वाडीच्या मोफत वाचनालयात एका दात्याने दिलेले डझनभर कॉम्प्युटर होते. वाडीतली मुलं त्यांवर टायपिंग, हिशेब, काय काय शिकायची. दसऱ्यानंतर ते सगळे एकापाठोपाठ बंद पडले. वाचनालयाच्या चिटणीसांनी मला बोलावलं. मी एक नजर टाकली, हसलो, आणि सगळी रास भंगाराच्या भावात उचलायची बोली केली. आतले सुटे भाग माझ्या कामाचे होते. चिटणीस दोन चहांतच वाकले. फक्त सभेत मंजुरी घ्यायची होती, आणि सभेला मावशी आल्या.

"गेले म्हणजे? तपासलं कुणी?"

चिटणीस म्हणाले, "सिस्टर, जावई तुमचेच आहेत. त्यांनी बघितलेत."

"बघितलेत. उघडलेत का?" मग माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, "जावईबापू, तुम्ही उघडून बघितलेत?"

सासुरवाडीच्या माणसाशी चारचौघांत भाव करता येत नाही. बंद माल बंद म्हणूनच घेतात, उघडून कोण घेतं, असं मी म्हणालो, तर सभेत हशा झाला. शेवटी मावशींनी तोडगा काढला. मी त्यांना कॉम्प्युटर तपासायला शिकवायचं. गुढीपाडव्यापर्यंत जे उठतील ते वाचनालयाचे, जे उठणार नाहीत ते माझे. "आणि तुमच्याच भावात नाही हं," त्या म्हणाल्या, "थोडा वाढवून." मी हो म्हणालो. साठी उलटलेली बाई आठवडाभरात कंटाळेल, असा माझा हिशेब होता. माल फक्त पाडव्यापर्यंत लांबला, एवढंच मी धरलं. पण मुलांचे कॉम्प्युटर राहतात की जातात, ते आता या बाईच्या शिकण्यावर आलं होतं, आणि हे वाडीतल्या पोराटोरांनाही कळलं. शाळा सुटली की ती जिना चढून वाचनालयाच्या गॅलरीतल्या खिडकीला येऊन लटकायची.

पहिल्या दिवशी मी पेचकस घेऊन पहिल्या डब्याचं झाकण काढायला गेलो, तर मावशींनी माझा हात धरला. "आधी नातेवाइकांना बोलवा."

"मावशी, हे यंत्र आहे. यंत्राला नातेवाईक नसतात."

"मग एवढे दिवस यांची देखभाल कोण करत होतं?"

चिटणीसांना बोलावलं. मावशींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि इस्पितळात विचारतात तसं विचारायला सुरुवात केली. शेवटचे नीट कधी चालले? दसऱ्याला सकाळी. मग काय झालं? पूजा झाली, चालू केले, आणि एकेक गप्प. जळका वास? आला होता, पण धूपही लावला होता. मी घड्याळ बघत होतो. मावशींना घाई नव्हती.

"पूजा कशी केलीत?"

"नेहमीसारखी. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. नारळ फोडला."

"पाण्याचं काय केलंत?"

"शिंपडलं. सगळ्यांवर थोडं थोडं."

"वरून?"

"मग काय खालून? एकाला द्यायचं आणि एकाला नाही, असं कसं करणार, सिस्टर?"

मी झाकण उघडलं. डब्याच्या वरच्या भोकांतून पडलेल्या अक्षता पंख्यात अडकल्या होत्या. हिरव्या बोर्डावर वाळलेल्या पाकळ्या होत्या. मागच्या बाजूला, जिथून यंत्राला वीज मिळते त्या पत्र्याच्या पेटीला वर हवेसाठी जाळी असते. त्या जाळीतून नारळाचं पाणी आत गेलं होतं आणि सगळं चिकट, काळं झालं होतं. दुसरं उघडलं, तेच. तिसरं, तेच. चिटणीसांनी कुणालाही वगळलं नव्हतं. ते बिचारे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला हसू येत होतं, पण मावशी त्यांना म्हणाल्या, "चांगल्या मनाने केलंत ना? बसा. पाणी प्या." मग मला म्हणाल्या, "म्हणजे वीज पोचत नाही. बाकी शरीर शाबूत असेल. कसं बघायचं?"

कसं बघायचं ते मी सांगितलं. ज्याची खात्री आहे अशी एक विजेची पेटी दुकानातून आणायची आणि तीच प्रत्येकाला आळीपाळीने लावून बघायची. बाकी सगळं काढून ठेवायचं, अगदी गरजेचं तेवढंच जोडायचं, मग एकेक वाढवत जायचं. ज्याच्या येण्याने बिघडेल तो आजारी. मावशींना हे फार पटलं. "उपाशी ठेवायचं, मग एकेक घास द्यायचा. पोटाचे रोगी असेच बघतात." माझी पेटी त्यांनी पहिल्या यंत्राला लावली. पंखा फिरला, आतून एक बारीक बीप आली. खिडकीत पोरांनी ओरडा केला. मावशींनी डब्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर त्या रोज बसू लागल्या. मी आठवड्यातून दोनदा जायचो, तेही कुरकुरत. एक बीप म्हणजे बरं आहे, थांबून थांबून लांब बीप म्हणजे रॅमची पट्टी नीट बसलेली नाही, असं मी सांगितलं; त्यांनी ते एकदाच ऐकलं. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसायला शिकवलं, तर त्यांनी पोरांकडून एवढी खोडरबरं जमा केली की वाडीत चुका खोडायला काही उरलं नाही. अर्थात चुकाही केल्या. एका यंत्राची पंख्याची वायर लावायला विसरल्या आणि चालू करून ठेवलं. मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. जळला असता बोर्ड! मी जे बोललो ते छापता येणार नाही. मावशी म्हणाल्या, "आवाज खाली. वॉर्ड आहे." मी बाहेर जाऊन गल्लीच्या तोंडापर्यंत चालून आलो. परत आलो तर वायर लावलेली होती आणि स्टुलावर माझा चहा झाकून ठेवला होता.

दुरुस्त झालेलं यंत्रही त्या लगेच सोडत नसत. चालू झालं की वेगळ्या बाकावर ठेवून सारखा हात लावून बघत. "ऑब्झर्वेशन," असं म्हणत. चिटणीस म्हणत, "अहो सिस्टर, चालतंय की ते." त्यावर त्या म्हणत, "चालतात पुष्कळ. टिकतात का ते बघायचं." मी एकदा चिडून विचारलं, भंगारासाठी एवढा जीव का टाकता? तेव्हा त्यांनी वॉर्डातल्या एका बाईची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी आशा सोडली होती. घरच्यांनी गावी कळवूनही टाकलं होतं. मावशी मात्र दर तासाला जाऊन नाडी बघत राहिल्या, आणि ती बाई काही दिवसांनी चालत घरी गेली. पुढे काय झालं तिचं, मी विचारलं. "काय व्हायचं? दोन-तीनदा इस्पितळात आली, डब्यात चणे घेऊन. मग यायची थांबली." एवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी शिकवण सांगतील. त्या रॅम पुसत होत्या.

विजेच्या पेट्या जुन्या, माझ्याच दुकानातल्या घेतल्या. भाव मी सांगितला. मावशी हसल्या. हे हसणं त्या माझ्याकडूनच शिकल्या होत्या, आणि त्यांनी ते माझ्यावरच चालवलं. घरी मी जेवताना हे बोललो, तर बायको म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी भेटलं."

पाडवा आठवड्यावर आला तेव्हा बाकीचे सगळे चालू होते. दोनच राहिले होते. मी दुपारी दुसरा माल पोचवून टेम्पोतूनच तिकडे गेलो तर मावशी हात पुसत बसल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, हे दोन गेले. तुमचे."

मी याचीच वाट बघत होतो की नाही? पण माझ्या तोंडून निघालं, "असे कसे गेले? रॅम बदलून बघितलीत?"

"बघितली."

"दुसऱ्या खाचेत?"

"तीही."

"प्रोसेसर काढून परत बसवा. कधीकधी धरत नाही."

"बसवला. सगळं काढून झालं, सगळं लावून झालं."

"अजून आठवडा आहे, मावशी. मी एक बोर्ड आणतो जुना. पैसे नकोत."

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "आठवडा आहे म्हणून नळ्या लावून ठेवायच्या नसतात. हे बघा इथे, आतपर्यंत काळं झालंय. तुमचा बोर्ड बसवला, तर तो तुमचा बोर्ड चालेल. हा नाही." मी वाकून बघितलं. खरंच काळं झालं होतं. पहिल्याच नजरेत मी ओळखलं असतं, जर ओळखायचं असतं तर. आयुष्यात पहिल्यांदा मी माल नको म्हणून भाव करत होतो आणि समोरचं माणूस घ्या म्हणत होतं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "टेम्पो खाली उभा आहे. नेतो."

"आता नाही." त्यांनी आतल्या बाजूला मान हलवली. पोरं टायपिंग करत बसली होती, प्रत्येक यंत्रासमोर दोन-दोन. "ती गेल्यावर न्या. बाकीचे जागे असताना वॉर्डातून कुणाला नेत नाहीत."

भाड्याचा टेम्पो उभा ठेवणं मला परवडत नाही, हे कुणीही सांगेल. मी बाकावर बसलो. मावशी शेजारी बसल्या. त्यांचे हात मांडीवर होते, कामाशिवाय, आणि तसे मी ते पूर्वी पाहिलेले नव्हते. आत खटखट चालू होती. एक पोरगा चुकला, दुसऱ्याने त्याला टपली मारली, मावशींनी नुसतं "हं" केलं आणि दोघं गप्प झाले. दिवेलागणीला मुलं निघाली. शेवटचं पोर गेल्यावर मावशी उठल्या, पिशवीतून धुतलेली पांढरी चादर काढली आणि दोन्ही डब्यांवर नीट, चारी कोपरे ओढून घातली. "चादर परत आणून द्या," एवढं म्हणाल्या आणि दिवे मालवायला आत गेल्या.

भंगार मी कसं चढवतो हे परळला सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ते दोन डबे मी स्वतः उचलून खाली आणले, टेम्पोत मागे ठेवले आणि त्यांच्याजवळ बसलो. ड्रायव्हरला म्हणालो, "सावकाश घे." त्याने आरशातून चादरीकडे बघितलं. "काच आहे काय, शेठ?"

मी म्हणालो, "हो."