आष्ट्याजवळच्या वस्तीवर, एका शब्दाची माफी मागायला

सांगलीचं निमंत्रण आलं तेव्हा मी हुरळून गेले, हे आधीच कबूल करते. विश्रामबागेत शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, वर्गातल्या पारधी मुलांशी त्यांच्याच भाषेत कसं बोलावं याचं. आणि शिकवायचं माझ्याच पुस्तिकेवरून. वाईत बसून कंटाळलेल्या निवृत्त मराठीच्या बाईला आणखी काय हवं?

जाणाऱ्यांसाठी: वाईहून सातारा, तिथून सांगलीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. कराड स्टँडवर वडापाव गरम मिळतो, चहा मात्र नुसतं गोड पाणी. पेठ नाक्याला हायवे सुटला की रस्त्याचा भरवसा नाही, पाठ दुखत असेल तर मागच्या सीटवर बसू नका.

आष्टा आलं तसं मी खिडकीतून डोकावले. तिथल्या एका वस्तीवर (नाव मुद्दाम देत नाही) झिमाबाई राहतात. तीन हिवाळे त्यांच्या दारात बसून मी पारधी शब्द उतरवून घेतले, त्यांचीच ही पुस्तिका. छापून वर्ष होत आलं होतं. त्यांची प्रत पोचवायला मात्र मला सवड झाली नव्हती. ती पिशवीत होती, परतताना उतरू असं ठरवलं.

पहिला दिवस दीपप्रज्वलन, सत्कार आणि बिघडलेल्या प्रोजेक्टरमध्ये गेला. जेवण झकास होतं. जिलेबीच्या रांगेत आष्ट्याकडचे एक तरुण गुरुजी भेटले.

"म्याडम, तुमचं पुस्तक लय कामाचं हाय बघा. वर्गात कालवा झाला की मी पान अठ्ठावीसवरला शब्द मोठ्यानं म्हणतो. पारधी पोरं अशी गप हुत्यात! दोघं-तिघं तर बाकाखालीच घुसत्यात."

आजूबाजूचे हसले. माझ्या हातातली ताटली तशीच राहिली.

चोरी कुठंही झाली तरी पोलिसांची गाडी आधी झिमाबाईंच्या वस्तीवर येते. गाडी दिसली की आया मुलांना उद्देशून एक शब्द ओरडतात. तो ऐकला की लपायचं, हूं की चूं करायचं नाही. झिमाबाईंच्या तोंडून तो एकदा चुकून निघाला आणि त्या लगेच म्हणाल्या, "बाई, ह्यो लिवू नगा. एवढा आमच्यातच ऱ्हाऊ द्या." मी हो म्हटलं. आणि छापला. अर्थासकट, व्यवस्थित. असा शब्द कुणाच्याच संग्रहात नव्हता, मला तो सोडवेना. दुसरं काही कारण नाही.

"अर्थ वाचला नाहीत का?" मी गुरुजींना विचारलं.

"वाचला की. म्हणून तर वापरतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेनं काढायला लावली आणि तो शब्द खोडा म्हटलं. काहींनी खोडला. काहींनी त्याच्याभोवती गोल केला. मला इतका संताप आला, पण तो काढायचा कुणावर? पुस्तिकेवर नाव माझंच होतं.

परतताना आष्ट्यात उतरले. पुढे वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप मिळते, पण वस्तीच्या फाट्यावर थांबायला ड्रायव्हर कुरकुरतो. तिथून उसाच्या कडेनं दहा मिनिटं पायी. मी दिसताच बाभळीखालची एक बाई काहीतरी ओरडली. कुणाला हाक मारली असेल, असं मला वाटलं. वस्तीत पोचले तर एकही मूल बाहेर नव्हतं.

झिमाबाई दारातच होत्या. पूर्वी मला बसायला पोतं अंथरायच्या, आज अंथरलं नाही. मी पुस्तिका पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"काजल शाळेत गेलीय?" मी विचारलं. काजल त्यांची नात, तिसरीतली. माझा रेकॉर्डर हातात धरून बसायची.

"जात न्हाई. गुरुजीनं त्यो शब्द वरडला, तवा बाकाखाली फ्रॉक ओला झाला पोरीचा. समदी हसली. तवाधरनं पाय टाकत न्हाई तिकडं."

"चुकलं माझं, झिमाबाई."

"आवं, चुकलं कसं? मी नगं म्हणलं व्हतं. तुमी व्हय म्हणला व्हता."

"मी बोलते शाळेत. गुरुजींना समजावते."

"नगं. तुमचं बोलनं लय झालं." त्यांनी पुस्तिकेकडे बोट केलं. "त्यो शब्द आता आमी टाकला. समद्यास्नी ठावं झाल्यावर काय कामाचा? दुसरा केलाय."

"कोणता?"

निघून गेलं तोंडातून. इतक्या वर्षांची सवय. झिमाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं.

"आत्ता येताना ऐकला न्हवं?"

मी तिथे फार थांबले नाही. जाताना मागून झोपड्यांतून मुलांचे आवाज पुन्हा सुरू झाले.

घरी येऊन आठवडा झाला. सांगलीचं भडंग शेजारी वाटलं, प्रवास कसा झाला विचारणाऱ्यांना छान म्हणून सांगितलं. भाषा वाचवायला निघालेल्या बाईनं त्यातला एक जिवंत शब्द संपवला, हे भडंगाबरोबर कसं सांगणार? पान अठ्ठावीसवर आता जो आहे तो कुणाच्याच कामाचा नाही, काजलच्या तर मुळीच नाही.

नवा शब्द मी कुठेही लिहिलेला नाही, इथेही नाही. यावरून मी सुधारले असं मात्र कुणी समजू नये. विसरू नये म्हणून रोज एकदा मी तो मनात म्हणून बघते.