राक्षसाच्या घरची कडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नात पुस्तकं आणते, त्यांतल्या जादूगारणी आणि तलवारवाल्या राण्या मीही वाचते. बऱ्याचजणी मला पटत नाहीत. तलवारीला माझी हरकत नाही. पण बाई दिवसभर जंगलात घोडा पळवते आणि तिला एकदाही भूक लागत नाही, हे मी मानणार नाही. असल्या राण्या मीही एकेकाळी सांगितल्या आहेत. त्या चालत नाहीत, हे मला सिहोऱ्याकडे, सासरी, बिड्या बांधताना कळलं. आणीबाणी नुकतीच उठली होती.

धान कापून झालं की आमच्या ओसरीत बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. तेंदूची ओली पानं कैचीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, धागा बांधायचा. हात गुंतलेले, तोंड रिकामं, म्हणून गोष्टी. दिवसा गोष्ट सांगितली की मामा रस्ता चुकतो म्हणतात. माझा मामा तसाही कधी वेळेवर घरी पोचला नव्हता, तेव्हा सांगायचं काम माझ्याकडे आलं. ऐकणारीनं मधे मधे ‘हो’ म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट मेली.

त्या साली धाकटी नणंद सासरहून एकटी, पायी निघून आली. दंडावर वळ होते. सगळ्यांनी पाहिले, कोणी विचारलं नाही. ती स्वतः तोंड उघडेना. मळणी झाली की तिकडची माणसं तिला न्यायला येणार होती. सासरे म्हणायचे, “पोरगी काही बोलत नाही, म्हणजे तिची तक्रार नाही.” गप्प राहिली तर ती परत जाणार, हे उघड होतं. मी सून. माझ्या शब्दाला त्या घरात वजन नव्हतं. तेव्हा तिलाच बोलतं करायचं, असं मी ठरवलं.

मी राक्षसानं पळवलेल्या राणीची गोष्ट काढली. माझी राणी फार सुंदर होती. सात माळ्यांच्या महालात बसून रडायची, आसवांचे मोती व्हायचे. पहिल्या दिवशी शेजारच्या दोघी ‘हो, हो’ म्हणाल्या. नणंद गप्प. पुढच्या दिवशी त्या दोघींचाही आवाज बारीक झाला. शेवटी एकीनं सुनावलं, “तुही राणी कालपासून रडूनच राहिली वो. मोती पिकवाले बसवली का तिले?”

मला राग आला, पण ती खरं बोलत होती. मी राणीला उठवलं आणि चुलीपुढं बसवलं. भात खाली लागला. राक्षस ओरडला. तर राणी म्हणते, “ओली लाकडं आणून देतोस, अन् भात करपला म्हणून मलेच बोलतोस?”

बायका हसल्या. नणंदेची कैची थांबली.

“वैनी, त्या घराची कडी कोणीकडून होती?” घरी आल्यापासूनचं तिचं हे पहिलं बोलणं.

मी कडीचा विचारच केला नव्हता. बाहेरून म्हटलं असतं तर राजकुमाराची वाट पाहत बसावं लागलं असतं. मी म्हटलं, “आतून.”

“मंग राक्षस झोपल्यावर ती निघून जात काहून नाही?”

“कुठं जाईल ती? बापाच्या घरी गेली अन् बापानं परत नेऊन सोडली तर?”

कोणी ‘हो’ म्हटलं नाही. शेजारणी आपापल्या सुपात पाहू लागल्या. राणी कोण, ते सगळ्यांना कळलं होतं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोष्टीनं काम बिघडते म्हणणारी बाई, कधी हुंकार दिला नव्हता. त्यांनी दातानं धागा तोडला.

“नाही सोडत,” त्या म्हणाल्या. “तिची माय मेली नाही अजून.”

नणंद त्यांच्याकडे वळली. “मंग?”

“मंग काय? कडी काढ म्हणा तिले.” मग माझ्याकडे वळून, “अन् तू सांग पुढं. हात काहून थांबवला?”

“हो,” नणंद म्हणाली. मी पुढं सांगितलं.

मळणीनंतर तिकडची माणसं आली. चहा झाला. सासरे म्हणाले, “पोरी, सामान बांध.” ती दारात येऊन उभी राहिली. “मी नाही जात, बाबा. मारते तो मले.” सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “बोलत नाही म्हणत होते ना? बोलली.” माणसं आली तशी एसटीनं परत गेली.

गोष्टीनं ती वाचली असं मी म्हणणार नाही. वाचली ती आईच्या एका वाक्यानं आणि स्वतःच्या एका वाक्यानं. पण दोन्ही वाक्यं माझ्या रडक्या राणीपुढं कधी निघाली नसती.

पुढं बरीच वर्षं नणंद त्याच ओसरीत बिड्या बांधायला बसली आणि गोष्टी माझ्याहून चांगल्या सांगू लागली. तिची राणी कडी काढायच्या आधी राक्षसाच्या हंडीतला भात पोटभर जेवून घ्यायची. शेजारणी हसून म्हणायच्या, “पळायचं सोडून जेवते काय वो?” नणंद म्हणायची, “उपाशी पोटी चालून पाहा एकदा.” ती चालून आली होती.