टिटवीचं ठिगळ

नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनीत काम धरलं आणि आम्ही दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून गुडगावला आलो. इमारत उभी होती, पण तिच्यापर्यंतचा पक्का रस्ता अजून व्हायचा होता. भोवती विटांचे ढीग, मोकळे प्लॉट, मधूनच एखादं शेत. आमची दहा वर्षांची मुलगी मैत्रिणी तुटल्या म्हणून रुसलेली. सासूबाई आमच्याजवळच असायच्या. शेजारणींशी हिंदीत बोलायचं त्यांच्या जिवावर येई, त्यामुळे त्यांनाही करमत नव्हतं.

एका संध्याकाळी मुलगी धावत आली. नव्या जीन्सचा गुडघा कुंपणाच्या तारेत फाटला होता, पण तिला त्याचं काहीच नव्हतं.

"आई, बाजूच्या प्लॉटमध्ये टिटहरीने अंडी घातलीत! बिल्कुल खड्यांसारखी दिसतात. माझा पायच पडणार होता!"

"टिटवी म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिचं ओरडणं अशुभ. घराजवळ तर नकोच."

जीन्स टाकवेना. भरतकाम मला थोडंफार येत होतं. जाड कापडाच्या तुकड्यावर तोच पक्षी भरायचा आणि फाटल्या जागी शिवायचा, असं मी ठरवलं.

"एवढी मोठी नवी नोकरी, आणि पोरीला ठिगळ लावणार?" सासूबाईंनी विचारलं. "तेसुद्धा टिटवीचं?"

"आजी, ठिगळ नाही, पॅच."

"पॅच म्हणजे ठिगळच!"

मी भरत राहिले, पण पक्षी काही जमेना. एकदा कावळा झाला, एकदा कबुतर. शेवटी मुलगीच आजीचा हात धरून प्लॉटकडे निघाली. मीही मागोमाग गेले. आम्ही कुंपणाशी थांबलो. तेवढ्यात एक भटकं कुत्रं अंड्यांच्या दिशेने वळलं. टिटवी ओरडत उठली आणि त्याच्या डोक्यावर अशी झेपावली, पुन्हा पुन्हा झेपावली, की ते शेपूट घालून पळालं. सासूबाई पदर सावरत बघत राहिल्या.

"एवढीशी ती," त्या हळूच म्हणाल्या. "ओरडणार नाही तर काय करेल बिचारी?"

घरी आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या हातातली भरतकामाची रिंग काढून घेतली. "डोळ्यापुढे लाल हवं. पाय पिवळे, लांब. तू पंख भर, पाय मी भरते." त्यांना भरतकाम येतं हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. त्या दुपारी आम्ही जितक्या बोललो, तितक्या त्याआधी कधी बोललो नव्हतो.

मुलगी टिटवी लावलेली ती जीन्स घालून खाली खेळायला गेली आणि दोन मैत्रिणी घेऊन वर आली. पिल्लं बाहेर आल्याची बातमीही पुढे तिघींनी मिळूनच आणली.

मग ती टिटवी बघून समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी बाई आल्या. मुलाच्या दप्तरावर लावायला त्यांना सेमलचं, म्हणजे आपल्या काटेसावरीचं, लाल फूल हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मैं नहीं करके देगी. सिखाएगी." थंडी पडल्यावर दोघी गच्चीत उन्हाला बसू लागल्या.

"पहले पाकळी, बाद में देठ."

"देठ क्या, माताजी?"

सासूबाईंना शब्द सापडेना. त्यांनी कुंडीतल्या झेंडूचं फूल खुडून देठ दाखवला. बाई हसल्या. पुढे त्या आमच्याकडे कोथिंबीर मागायला आल्या की ऐटीत सांगायच्या, "देठवाली देना."