सरदार की फुग्या

सोलापूर जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका छांदिष्ट माणूस दुसरा नाही, आणि जिल्हा काही लहान नाही. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मोहोळच्या अलीकडे त्यांची डाळिंबाची बाग, बागेत वस्ती, आणि मामी गेल्यापासून वस्तीवर मामा एकटे. मामांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट एकतर जातिवंत असते नाहीतर क्रॉस, आणि ते बघताक्षणी जाहीर करायची जबाबदारी देवाने त्यांच्यावर टाकलेली आहे. माझं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान. ऐन लग्नसराईत, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना मामा शिरले, गिऱ्हाइकाच्या हातातली चादर ओढली, दोन बोटांत चुरगाळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्ये क्रॉस हाय की हो जावईबापू! आई सोलापुरी दिसतीया, पर बाप कुटला?" गिऱ्हाईक गेलं. मी काय बोलणार, कपाळ? बायकोचे मामा!

याच माणसाने माझ्या लग्नाच्या बैठकीत मला शिक्षण, पगार काही न विचारता "जरा दारापतुर चालून दाखवा" म्हणून सांगितलं होतं. मी चाललो. "आता हसा की." हसलो. माझे दात नीट पाहून मामांनी माझ्या सासऱ्यांना निकाल दिला, "चाल बरी हाय. खायला लई लागंल, पर टिकंल." माणसाची जात मात्र त्यांनी उभ्या जन्मात कुणाला विचारली नाही. "माणसाची जात इचारणारा खुळा, आन् कुत्र्याची न इचारणारा महाखुळा," हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकावं लागतं.

कुत्रा हा त्यांचा खरा प्राण. त्यातून घरात वडलांच्या वेळची बंदूक, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली. आहे म्हणजे कागदावर आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि आपल्याकडे निवडणूक नसते कधी? मामांनी त्या बंदुकीने आभाळाशिवाय कशालाच गोळी घातलेली नाही. रानडुकरं बागेत घुसली की हवेत एक बार, संपलं. पण कुत्रं मात्र त्यांना कायम "बंदुकीमागचं" लागतं. बाराला न दचकणारं, जनावर नजरेनं धरणारं आणि वाऱ्यासारखं पळणारं. बंदूक ठाण्यात असली तरी चालेल, तिच्यामागचं कुत्रं घरात पाहिजे!

आता मुद्द्यावर येतो. गेल्या पावसाळ्यात मामा पाटाच्या कडेला घसरून पडले. सकाळी पडले ते संध्याकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच. पाय मोडला नाही, मुका मार लागला, पण पुण्याहून त्यांचा मुलगा अविनाश धावत आला आणि हटूनच बसला. "अण्णा, आता पुण्याला चला. इथे एकटं राहायचं नाही." मामांचं एकच पालुपद, "मला काय झालंय?" बापलेक आठवडाभर भांडले. शेवटी मामा म्हणाले, "चांगलं राखणीचं कुत्रं आणतो, मग तर झालं?" अविनाश वैतागून म्हणाला, "आणा. दिवाळीनंतर येतो. मला पटलं तर राहा. नाही पटलं तर त्याच गाडीतून पुण्याला." मामा त्याच्या पुण्याच्या घरी चार दिवस राहून आले होते. तिथल्या गॅलरीतून त्यांना फक्त दुसऱ्याची गॅलरी दिसली. म्हणजे कुत्रं चुकलं की बाग सुटली, इतकं ते सरळ होतं.

मग काय, माझी गाडी आणि माझे रविवार! सांगोला, अक्कलकोट, नातेपुते, कुठे कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली हे मामांना तिच्या मालकाआधी कळायचं. गेल्या गेल्या पिल्लू मानेच्या कातडीला धरून वर उचलायचं; केकाटलं की नापास. मग नखं मोजायची. सगळी वीस भरली तर "विसनख्या" म्हणून मामांचे डोळे लकाकायचे. अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याचं कुत्रं मामांकडे बघेना, तर मामा त्याच्याशी कानडीत बोलायला लागले. मालक मराठीत बोलतोय, मामा कुत्र्याशी कानडीत, आणि मी उन्हात गाडीचं दार धरून उभा.

शेवटी दोन उरले. नातेपुत्याचा सरदार, वर्षाचा अस्सल कारवानी, शिकारी जातीचा. लांब पाय, आत गेलेलं पोट, नजर सारखी क्षितिजावर. मालकाने परीक्षेपुरता सोबत दिलेला. आणि दुसरा अक्कलकोटचा तो कानडी फुग्या. आई कारवानी, बाप परागंदा. एक कान उभा, एक पडलेला, पाय आखूड आणि पोट सुटलेलं. याला मामांनी आणलंच का, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाले, "ह्यो हाय म्हणून सरदार कसा दिसतो, बघा की!"

दिवाळी झाली, अविनाश आला. मामांनी परीक्षा अशी मांडली की जणू कुस्त्यांचा फड. अर्धं गाव बांधावर. बंदूक अर्थातच ठाण्यात, म्हणून सुतळी बॉम्ब आणलेला. अविनाश गाडीला टेकून हाताची घडी घालून उभा, डिकी सताड उघडी. मामांनी नवा फेटा बांधला होता. 

वात पेटली. धडाम्! फुग्या शेपूट घालून थेट बाजेखाली. सरदारचा कानही हलला नाही. आणि तेवढ्यात त्या आवाजाने शेजारच्या उसातून रानडुकरांचा कळप उधळला! खरा, चालता-बोलता कळप, कुणी ठरवलेला नाही! "आरं, डुकरं! सोडा त्याला, सोडा!" सरदार सुटला. काय पळाला हो! जमिनीला पाय लागतायत की नाही कळत नव्हतं. बांधावरून, ज्वारीतून, ओढ्याच्या पार! लोक टोप्या उडवतायत, शिट्ट्या मारतायत, मी गळा फाटेस्तोवर "सरदार! सरदार!" ओरडतोय. मला एवढा आनंद माझ्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता. आणि मामा? मामा फेटा धरून सरदारच्या मागे पळत सुटले. "हाय! हाय रं माझ्या वाघा!"

फार नाही, बाजेपासून लिंबापर्यंत. तिथे गुडघ्याने दगा दिला आणि ते मटकन खाली बसले. सगळं गाव ओढ्याकडे बघत होतं. मी वळून पाहिलं तेव्हा मामा गुडघा दाबत होते, आणि बाजेखालून निघालेला फुग्या, अजून लटलटत कापत, त्यांच्या पावलावर बूड टेकून बसला होता. मामा त्याला ढकलत होते. तो पुन्हा येऊन बसत होता.

सरदार बऱ्याच वेळाने आला, जीभ बाहेर, दिमाखात. मामा तोवर उठून उभे राहिले होते. गाव निकालाची वाट बघत होतं.

"सरदार पयला," मामा म्हणाले. "असं कुत्रं म्या उभ्या हयातीत पाहिलं न्हाय."

टाळ्या पडल्या. मी साखळी घेऊन पुढे झालो. "मग बांधू ना इथे?"

"न्हाय. त्याला नातेपुत्याला नेऊन सोडू. ह्यो ऱ्हाऊ दे."

"मामा, अहो तो क्रॉस!"

"व्हय, क्रॉस हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या सरदाराला मागं पळणारा धनी पायजे, जावईबापू. माझ्यानं आता पळणं हुत न्हाय."

अविनाश गाडीपासून पुढे आला. आयुष्यभर "मला काय झालंय" ऐकलेला तो मुलगा आधी वडलांकडे आणि मग फुग्याकडे बघायला लागला. "पण अण्णा," तो म्हणाला, "हे तर नुसत्या बॉम्बला घाबरतंय. हे तुम्हाला काय राखणार?"

"घाबरतंय की," मामा म्हणाले. "मी बी घाबरतो. त्या दिवशी पाटाकडंला पडलो हुतो, तवा लई घाबरलो. कुणी नव्हतं रं जवळ."

 अविनाश गेला, डिकी लावली आणि परत येऊन वडलांचा दंड धरला. "राहा इथेच. पण दर शनिवारी मी येणार, आणि पडलात तर लपवायचं नाही."

"ये की," मामा म्हणाले, "न्हाय कोन म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सरदारला सोडायला निघालो. मामा मागच्या सीटवर, सरदारची मान त्यांच्या मांडीवर. वाटेत त्यांनी एकाही गोष्टीला जातिवंत किंवा क्रॉस म्हटलं नाही, आणि मला ते सोसवेना. नातेपुत्यात मालकाने गाडीचं दार उघडलं तेव्हा मामांनी त्या कुत्र्याचे चारही पाय एकेक करून चेपले आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "पळ बाबा. लई पळ." सरदार उतरला तो थेट माळाकडे सुटला. मामा गाडीला धरून, तो दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले.